दुर्बिणीतून, रोबोटने की पोट उघडून? आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशनबद्दल नाशिकचे रुग्ण वारंवार विचारतात ते प्रश्न

मी नाशिकमध्ये आतड्याच्या कॅन्सरची ऑपरेशनं करतो. दिंडोरी, निफाड, मालेगाव, सुरगाणा, इगतपुरी, कुठूनही घरचे लोक आले, रिपोर्टची पिशवी टेबलावर ठेवली, की पहिला प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, दुर्बिणीतून होईल ना?" त्या प्रश्नामागची काळजी मला कळते. कापाकापी कमी व्हावी, माणूस लवकर उठावा, असं कुणाला वाटणार नाही? पण या आजारात पोटावर किती छिद्रं पडली यापेक्षा आतून काय निघालं आणि कसं निघालं याला फार जास्त महत्त्व आहे. ओपीडीत दहा मिनिटांत हे नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

दुर्बीण तर झाली, आता परत कसली दुर्बीण?

हा गोंधळ रोज होतो, कारण मराठीत आपण दोन्हीला दुर्बीणच म्हणतो. शौचाच्या जागेतून नळी घालून तपासणी करतात आणि तुकडा काढतात, ती कोलोनोस्कोपी. ऑपरेशनची दुर्बीण, म्हणजे लॅपरोस्कोपी, पोटावरच्या छिद्रातून आत जाते. पहिलीने आजार सापडतो, दुसरीने तो काढतात.

या दोन्हींना जोडणारी एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. लॅपरोस्कोपीत माझा हात आतड्याला लागत नाही. गाठ लहान असेल तर ती बाहेरून दिसत नाही आणि चाचपताही येत नाही. म्हणून कोलोनोस्कोपी करतानाच गाठीजवळ काळ्या शाईची खूण करून घ्यावी लागते. ही खूण राहून गेली तर ऐन ऑपरेशनमध्ये शोधाशोध सुरू होते. गाठ लहान असल्याचं कळलं की तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: "टॅटू केलाय का?"

प्रत्येक डॉक्टर आधी 'गाठ कुठे आहे' हेच का विचारतो?

कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. त्याचा बहुतेक भाग, म्हणजे कोलन, पोटाच्या मोकळ्या जागेत असतो. तिथे हत्यारं फिरवायला वाव असतो. शेवटचा साधारण १५ सेंटीमीटरचा भाग म्हणजे रेक्टम, गुदाशय. तो कमरेच्या हाडांच्या खोल, अरुंद जागेत बसलेला असतो. पुढे पुरुषांमध्ये मूत्राशय आणि प्रोस्टेट, स्त्रियांमध्ये गर्भाशय आणि योनिमार्ग, आणि दोन्ही बाजूंनी लघवीच्या आणि लैंगिक क्रियेच्या बारीक नसा. पुरुषांची ही जागा आणखी अरुंद. त्यात पोट सुटलेलं असेल तर काम अजून अवघड.

म्हणून कोलनचं उत्तर रेक्टमला लावू नका. "आमच्या मामांचं चार छिद्रांत झालं, पाचव्या दिवशी घरी आले" हे खरं असतं, पण मामांची गाठ उजव्या कोलनमध्ये होती आणि तुमच्या आबांची शौचाच्या जागेपासून पाच सेंटीमीटरवर आहे. रेक्टमच्या गाठीला ऑपरेशनआधी कमरेचा एमआरआय लागतो. बऱ्याच जणांना आधी शेक, म्हणजे रेडिएशन, आणि केमो द्यावे लागतात.

लॅपरोस्कोपीत नेमकं करतात काय? लेझर असतो का?

लेझर नसतो. पूर्ण भूल देतात, पोटात कार्बन डायऑक्साइड वायू साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने भरतात, म्हणजे पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते. बेंबीजवळून कॅमेरा जातो आणि ५ ते १२ मिलिमीटरच्या आणखी तीन-चार छिद्रांतून हत्यारं. रक्तवाहिन्या मुळाशी बंद करतात, आतडं त्याच्या चरबीसह आणि लसिका गाठींसह (लिम्फ नोड) मोकळं करतात, दोन्ही टोकं स्टेपलरने किंवा हाताने जोडतात.

काढलेला भाग बाहेर यायला चार-सहा सेंटीमीटरचा एक छेद बहुतेक वेळा द्यावाच लागतो. तेव्हा "नुसती छिद्रं" असं नसतं. त्या छेदात प्लास्टिकचं आवरण बसवून मगच गाठ बाहेर काढतात, म्हणजे तिचा स्पर्श जखमेला होत नाही.

छोट्या छिद्रातून कॅन्सर पूर्ण निघतो? मागे राहत नाही?

ही शंका तुमच्या आधी सर्जननाच आली होती. आतड्याची पहिली लॅपरोस्कोपिक ऑपरेशनं १९९० मध्ये अमेरिकेत मायामीला झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत छिद्रांच्या जागी कॅन्सर परत आल्याच्या नोंदी यायला लागल्या आणि सगळे घाबरले. अनेकांनी कॅन्सरसाठी दुर्बीण बाजूला ठेवली आणि मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही रुग्ण या गटात, काही त्या गटात, आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा.

कोलनबद्दलचं उत्तर २००४ मध्ये स्पष्ट झालं. अमेरिका आणि कॅनडातल्या ४८ रुग्णालयांमधल्या ८७२ रुग्णांच्या त्या चाचणीत तीन वर्षांनी आजार परत येण्याचं प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के आणि पोट उघडलेल्या गटात १८ टक्के होतं. जगण्याचं प्रमाण ८६ आणि ८५ टक्के. म्हणजे फरक नाही. जखमेत कॅन्सर परत येणं दोन्हीकडे एक टक्क्याच्या आत. त्या सुरुवातीच्या भीतीचं कारण बरंचसं नवखेपणात होतं: गाठ ओढाताणीत फाटणं, जखमेचं संरक्षण न करणं.

म्हणून कोलनच्या बाबतीत मी ठामपणे सांगतो: सराव असलेला सर्जन असेल आणि गाठ योग्य असेल, तर दुर्बिणीतून केल्याने कॅन्सरच्या दृष्टीने तोटा नाही. दुखणं कमी, जखमेचा त्रास कमी, आतडं लवकर चालू होतं. हा फायदा खरा आहे, तो घ्यावा.

आणि रेक्टमच्या गाठीला?

इथे जरा थांबून वाचा, कारण मतभेद इथेच आहेत.

रेक्टमभोवती चरबीचं एक आवरण असतं, मेसोरेक्टम. कॅन्सरच्या पेशी असलेल्या लसिका गाठी त्यात लपलेल्या असू शकतात. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडलं की हे आवरण न फाटता, अखंड, एका नैसर्गिक पातळीतून सोडवून काढलं तर कमरेत कॅन्सर परत येणं खूप कमी होतं. सीताफळ सोलताना गर सालीला चिकटून राहतो तसं इथे होऊन चालत नाही. आज जगभर हेच प्रमाण मानतात, आणि दुर्बीण, रोबोट, उघडं पोट या सगळ्या त्या एकाच कामाकडे जाण्याच्या वाटा आहेत.

२०१५ मध्ये मुख्यतः युरोपातली एक मोठी चाचणी आली. १,०४४ रुग्णांमध्ये तीन वर्षांनी कमरेत आजार परत येण्याचं प्रमाण दोन्ही गटांत ५ टक्केच. पण त्याच वर्षी अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या दोन चाचण्यांनी सांगितलं की काढलेल्या तुकड्याचा दर्जा पाहिला तर दुर्बीण उघड्या ऑपरेशनच्या तोडीची आहे असं सिद्ध करता येत नाही. पुढे त्याच रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यात जगण्यात ठळक फरक दिसला नाही, तरी तो इशारा मी विसरलेलो नाही. खालच्या रेक्टममध्ये दुर्बिणीची सरळ, न वाकणारी हत्यारं अडतात. मी स्वतः ते अनुभवलं आहे. अशा वेळी हट्ट न करता दुसरी वाट धरणारा सर्जन मला जास्त भरवशाचा वाटतो.

रोबोट स्वतः ऑपरेशन करतो का? तो सगळ्यात चांगला ना?

रोबोट स्वतःहून टाकाही घालत नाही. सर्जन शेजारच्या कन्सोलवर बसतो आणि त्याच्या बोटांच्या हालचाली रोबोटचे हात आत करतात. तीन मितींत दिसतं, हाताची थरथर गाळली जाते आणि हत्याराचं टोक मनगटासारखं वळतं. अमेरिकेत दा विंची यंत्राला २००० मध्ये मान्यता मिळाली. आता भारतात बनलेलं मंत्र नावाचं यंत्रही रुग्णालयांत आलं आहे.

फायद्याचं काय? २०१७ मध्ये दहा देशांतल्या ४७१ रेक्टमच्या रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. मध्येच पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोटमध्ये ८.१ टक्के, साध्या दुर्बिणीत १२.२ टक्के. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक ठोस ठरला नाही आणि बरेच जण म्हणाले, खर्च वाढवून मिळालं काय? नंतर चीनमध्ये ११ रुग्णालयांत अकराशेहून जास्त रुग्णांवर चाचणी झाली, मधल्या आणि खालच्या रेक्टमसाठीच. तिथे तुकड्याची बाजूची कड कॅन्सरने बाधित असण्याचं प्रमाण रोबोटमध्ये ४ टक्के, दुर्बिणीत ७.२ टक्के निघालं. २०२५ मध्ये आलेल्या तीन वर्षांच्या निकालात कमरेत आजार परतण्याचं प्रमाण १.६ विरुद्ध ४ टक्के. एकूण जगण्यात ठळक फरक नाही. त्या चाचणीतले सर्जन रोबोटवर मुरलेले होते, हेही लक्षात घ्यायला हवं.

माझं मत असं: कोलनच्या गाठीसाठी, विशेषतः उजव्या बाजूच्या, निव्वळ रोबोट हवा म्हणून कर्ज काढू नका. खालच्या रेक्टमची गाठ, पुरुष रुग्ण, जड शरीर, आधी शेक घेतलेला, असं असेल तर रोबोटचा विचार जरूर करा, आणि तो चालवणाऱ्याने रेक्टमची किती ऑपरेशनं त्यावर केली आहेत हे विचारा. यंत्र नवं असणं आणि हात तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खालून, शौचाच्या जागेतून करतात ती पद्धत कोणती?

तिला टाटीएमई म्हणतात. खालच्या गाठीला वरून पोहोचणं कठीण, म्हणून एक टीम पोटातून आणि दुसरी गुदद्वारातून काम करते. २०१० च्या सुमारास ती आली तेव्हा मोठा उत्साह होता. नॉर्वेत मात्र काही रुग्णांमध्ये कमरेत अनेक ठिकाणी आणि लवकर कॅन्सर परत आलेला दिसला आणि तिथे ही पद्धत देशभर थांबवण्यात आली. त्यानंतर चीनमधल्या एका मोठ्या चाचणीत, अनुभवी हातांत, तीन वर्षांचे निकाल लॅपरोस्कोपीइतकेच चांगले आले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. शिकण्याची चढण फार उभी आहे. वर्षाला मोजकीच करणाऱ्याकडे ही करून घेऊ नये.

एका छिद्रातून किंवा हात घालून करतात, ते?

एकाच छिद्राच्या पद्धतीत दिसायला जखम छान असते, कॅन्सरच्या दृष्टीने वेगळा फायदा नाही. हात घालून मदत घेणं अवघड वेळी उपयोगी पडतं. यावर फार विचार करू नका.

अगदी सुरुवातीचा आहे म्हणतात. पोटाचं ऑपरेशन टळेल का?

कधी कधी, हो. पॉलिपमध्ये, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या मोडासारख्या वाढीत, किंवा फक्त वरच्या थरात असलेला कॅन्सर कोलोनोस्कोपीतूनच सोलून काढता येतो. रेक्टममधला असेल तर गुदद्वारातून विशेष नळी बसवूनही काढतात. जर्मनीतले गेरहार्ड बूस यांनी १९८० च्या दशकात ही वाट खुली केली. पण तुकड्याच्या तपासणीत पेशी खोलवर गेलेल्या, रक्तवाहिनीत शिरलेल्या किंवा फार आक्रमक दिसल्या, तर लसिका गाठींमध्ये आजार असण्याचा धोका उरतो आणि मग आतड्याचं ऑपरेशन सुचवावं लागतं. तेव्हा "डॉक्टरांनी आधी चुकीचं केलं" असं समजू नका. पहिल्या तुकड्यानेच ती माहिती दिली.

रेक्टममध्ये आणखी एक शक्यता असते. शेक आणि केमोनंतर गाठ पूर्ण नाहीशी झाली तर काही निवडक रुग्णांमध्ये ऑपरेशन न करता कडक देखरेख ठेवतात. ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी हा विचार रुजवला. पण पहिली दोन-तीन वर्षं दर काही महिन्यांनी बोटाने तपासणी, दुर्बीण आणि एमआरआय चुकवून चालत नाही. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरून दर तीन महिन्यांनी येणं जमेल का, हे घरात बसून खरंखुरं ठरवा. न जमणारं असेल तर तसं स्पष्ट सांगा, आम्ही रागावत नाही.

दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडलं. काही चुकलं का?

बहुधा नाही. चिकटलेली आतडी, न थांबणारं रक्त, शेजारच्या अवयवात घुसलेली गाठ, अशा वेळी पोट उघडणं हा शहाणपणाचा निर्णय असतो. ब्रिटनमधल्या एका जुन्या चाचणीत पहिल्या वर्षी ३८ टक्के रुग्णांचं पोट मध्येच उघडावं लागलं, सहाव्या वर्षी ते १६ टक्क्यांवर आलं. सर्जन तेच, सराव वाढला.

काही वेळा सुरुवातीपासूनच पोट उघडणं बरं: आतडं अडकून फुगलेलं, आतडं फुटलेलं, गाठ फार मोठी, किंवा हृदय-फुप्फुसं वायूचा दाब आणि डोकं खाली ठेवण्याची स्थिती सोसणार नाहीत इतकी कमजोर.

पिशवी लागेल का?

हा प्रश्न बायका हळू आवाजात विचारतात आणि पुरुष शेवटी, दारात उभे राहून.

पिशवी म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर काढून त्यावर शौच गोळा करायला लावतात ती. कोलनच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये बहुधा लागत नाही. खालच्या रेक्टमला जोड दिला तर तो भरेपर्यंत लहान आतड्याची तात्पुरती पिशवी ठेवतात. ती साधारण दोन-तीन महिन्यांनी बंद करता येते, केमो चालू असेल तर उशिरा. गाठ गुदद्वाराच्या स्नायूतच असेल तर कायमची पिशवी लागते, आणि ते रोबोटनेही टळत नाही. "आमच्या यंत्राने पिशवी लागणारच नाही" असं कुणी छातीठोक सांगितलं तर दुसरं मत घ्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पिशवीची जागा बसवून, उभं करून, वाकवून आखून घ्या. परकराची नाडी किंवा धोतराची गाठ नेमकी त्या जागेवर येता कामा नये. एवढ्याशा गोष्टीने पुढचे कित्येक महिने सुसह्य होतात. पिशवी असलेल्या दुसऱ्या माणसाशी बोलल्याने जे बळ मिळतं ते माझ्या बोलण्याने मिळत नाही. मुंबईची ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था हेच काम करते.

जोड सुटण्याची भीती किती?

कोलनमध्ये कमी, खालच्या रेक्टममध्ये शंभरात दहाच्या आसपास. छिद्रं लहान असल्याने हा धोका आपोआप कमी होत नाही. आता हिरवा रंग शिरेतून देऊन खास कॅमेऱ्याने आतड्याला रक्त नीट पोहोचतं का ते पाहता येतं. त्याची मदत होते. तुमच्या हातात असलेलं म्हणजे तंबाखू, मिश्री, बिडी किमान चार आठवडे आधी बंद करणं, साखर आटोक्यात आणणं, रक्त कमी असेल तर वाढवून घेणं. मिश्री हा तंबाखूच आहे, काकू.

घरी गेल्यावर ताप, वाढतं पोटदुखणं, पोट फुगणं, धडधड, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. रात्री फोन केला म्हणून कुणी बोलणार नाही.

घरी कधी, बागेत कधी?

डेन्मार्कचे हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की उपाशी ठेवणं, नळ्या ठेवून देणं, पडून राहणं यांनीच रुग्ण मागे पडतो. आता भुलेआधी दोन तासांपर्यंत साधं पाणी चालतं, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालायला लावतात, लवकर प्यायला-खायला देतात. सगळं सुरळीत असेल तर पाच-सात दिवसांत घरी. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटातली इंजेक्शनं चार आठवडे लिहून दिली असतील तर ती पूर्ण करा.

सहा आठवडे जड उचलायचं नाही. म्हणजे द्राक्षाचं क्रेट नाही, कांद्याची गोणी नाही, पाठीवरचा फवारणीचा पंप नाही. बाहेरून जखम नखाएवढी दिसते म्हणून लोक छाटणीच्या गडबडीत उतरतात आणि पुढच्या वर्षी हर्निया घेऊन येतात. खायला सुरुवातीला मऊ भात, मुगाची खिचडी, ताक. भाकरी हळूहळू. मिसळीला महिना-दोन महिने थांबा.

खर्चाचं आणि योजनेचं?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. मदतीचा क्रमांक १५५३८८. मंजुरी भरती होण्याआधीच घ्या. ठरलेल्या पॅकेजमध्ये स्टेपलर येतो का, दुर्बीण किंवा रोबोटसाठी वेगळे पैसे मागणार का, हे लेखी विचारा. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने आधीच्या ठिकाणी रोबोटसाठी जमीन गहाण ठेवली होती आणि पुढच्या केमोला पैसे उरले नव्हते. गाठ उजव्या कोलनची होती. केमोचे सहा महिने पोटावरच्या छिद्रांपेक्षा जास्त जीव वाचवतात.

परळला टाटाला न्यावं का?

अवघड रेक्टम, परत आलेला आजार, यकृतातही गाठी, अशा वेळी जरूर दुसरं मत घ्या. पंचवटीने सकाळी निघून दादरला उतरता येतं. जाताना कागदी रिपोर्टवर भागवू नका. स्कॅनची सीडी आणि बायोप्सीचे ब्लॉक-स्लाइड, म्हणजे तुकड्याचे मेणातले ठोकळे आणि काचपट्ट्या, बरोबर न्या, नाहीतर सगळं पुन्हा होतं आणि आठवडे जातात. साध्या कोलनच्या गाठीला नाशिकमध्येच उत्तम उपचार होऊ शकतात, आणि घर जवळ असण्याचं बळ मोठं असतं.

ऑपरेशननंतर चांगलं झालं हे आम्ही कसं ओळखायचं?

जखमेवरून नाही, हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे काढलेल्या भागाच्या तपासणीच्या रिपोर्टवरून. त्यात चार गोष्टी शोधा. किती लसिका गाठी तपासल्या: साधारण १२ किंवा जास्त हव्यात, शेक दिला असेल तर कमी असू शकतात. दोन्ही टोकं कॅन्सरमुक्त आहेत का. रेक्टम असेल तर बाजूची कड एक मिलिमीटरपेक्षा जास्त मोकळी आहे का आणि मेसोरेक्टम अखंड आहे का. चौथं, एमएमआर किंवा एमएसआय (गाठीच्या पेशींमधली जनुकं दुरुस्त करणारी यंत्रणा शाबूत आहे का ते पाहणारी) तपासणी झाली का. ती नसेल तर मागा. पुढचं औषध त्यावरही ठरतं.

वडिलांना झाला, आम्हा भावंडांना?

सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी चाळिशीत, किंवा वडिलांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी. एमएमआरच्या रिपोर्टमध्ये दोष असेल तर आजार आनुवंशिक असू शकतो, मग त्याहून लवकर. आणि शौचातून रक्त पडलं तर मूळव्याध समजून मलम लावत बसू नका. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांना महिनोन्‌महिने औषधं मिळालेली असतात, पण बोटाने एकदाही तपासलेलं नसतं. डॉक्टरांनी तपासलं नाही तर तुम्ही म्हणा, "तपासून बघा." लाजू नका. खालच्या रेक्टमची गाठ बोटालाही लागू शकते.